मॅक घेताय? आधी रॅम बघा

ॲपलच्या मॅकबद्दल ग्राहकांची जुनी कुरकुर चिपची नाही, रॅमची आहे. २०२३च्या अखेरीस एम३ चिपचा १४ इंची मॅकबुक प्रो आला १,५९९ डॉलरला आणि रॅम फक्त ८ जीबी! नावात ‘प्रो’ असून? लोक भडकले. आमची ८ जीबी म्हणजे इतरांची जवळपास १६, हा कंपनीचा बचाव फारसा कुणाच्या गळी उतरला नाही. माझ्याही नाही. ही रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर असते, ग्राफिक्सही त्यातूनच वाटा उचलतं आणि नंतर ती वाढवता येत नाही. जास्तीच्या ८ जीबीसाठी २०० डॉलर, आपल्याकडे २०,००० रुपये.

ऑक्टोबर २०२४मध्ये १६ जीबी किमान झाली, तीही किंमत न वाढवता. एम४ मॅक मिनी ५९,९०० रुपयांना म्हणूनच अनेकांना आवडला.

मिनीचं स्टोरेज मात्र तेव्हा २५६ जीबीच होतं. एम२ मॅकबुक एअरच्या २५६वाल्यात एकच नँड चिप होती, त्यामुळे एसएसडी मंद. एम३ला दोन आल्या. जागा जास्त हवी असेल तर एक्स्टर्नल एसएसडी घ्या, स्वस्त पडेल.

सेकंडहँड एअर घेताना ‘अबाउट धिस मॅक’ उघडून रॅम बघाच. ८ असेल तर घासाघीस करा.