ठसा हाच शिक्षक

लिनोलियम मुळात पायाखाली अंथरायची वस्तू. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज उद्योजकाने १८६० च्या दशकात जवसाचं तेल हवा देऊन दाट केलं, त्यात राळ, बुचाचा आणि लाकडाचा भुसा कालवला आणि तो लगदा तागाच्या कापडावर चढवला. चित्रकारांनी त्यावर कोरायला सुरुवात केली ती पुढे. व्हिएन्नात कलाशिक्षक फ्रान्झ चिझेक यांनी लिनो मुलांच्या चित्रवर्गात नेला आणि 'शाळकरी माध्यम' हा शिक्का त्याला चिकटला तो आजही पुरता पुसलेला नाही. लिनो मऊ आहे, हे खरं. पण मऊ म्हणजे सोपा, हा निष्कर्ष चुकीचा आहे. उलट या मऊपणामुळेच लिनोकट, म्हणजे लिनो कोरून त्याचा ठसा काढणं, चुकत चुकतच शिकावा लागतो.

लाकडाशी ताडून पाहिलं की हे कळतं. लाकडाला रेषा असते. तिच्या विरुद्ध पटाशी नेली की ती अडकते, ढलपी उडते आणि कोरणाऱ्याला जागच्या जागी समज मिळते. लिनोला रेषाच नाही. पटाशी कोणत्याही दिशेला सारख्याच सहजपणे जाते आणि चुकीचा छेदही बरोबर छेदाइतकाच गुळगुळीत उतरतो. रेघेच्या कडा आतल्या बाजूने खालून पोखरल्या गेल्या, तर कोरताना काहीच जाणवत नाही. छापताना दाबाखाली ती रेघ तुटते तेव्हा कळतं. शाई जास्त झाली की बारीक खाचा बुजतात, कमी पडली की काळ्या भागात पांढरे ठिपके राहतात. अनुभवी माणूस रोलरच्या आवाजावरून शाई ओळखतो: बारीक, एकसारखी चरचर म्हणजे थर बरोबर, ओला पचपचाट म्हणजे जास्त. हा कान पुस्तकातून तयार होत नाही. शिवाय सगळं उलटं उमटतं. डावं उजवीकडे जातं, अक्षरं आरशातल्यासारखी कोरावी लागतात. म्हणून पहिला ठसा ही तपासणी नसते, तोच खरा धडा असतो.

यावर रास्त आक्षेप असा, की जिथे कोरलेलं परत भरता येत नाही, तिथे चुका करत शिकणं परवडणार कसं? उत्तर कोरण्याच्या क्रमात आहे. थोडं कोरायचं, ठसा काढायचा, पाहायचं, मग पुढे. न कोरता काळं ठेवलेलं नंतर कधीही काढता येतं, काढलेलं परत येत नाही. म्हणून शंका असेल तिथे हात आखडता ठेवायचा. पिकासोने हा धोका पुरता पत्करला. दक्षिण फ्रान्समधल्या व्हालोरिस गावात, मुद्रक इदाल्गो आर्नेराच्या मदतीने, १९५८ मध्ये जुन्या जर्मन चित्रकार क्रानाखच्या चित्रावरून केलेल्या एका स्त्रीच्या व्यक्तिचित्रासाठी त्याने रंगागणिक वेगळा ठोकळा कोरला. ते एकमेकांवर नेमके बसवणं जिकिरीचं. म्हणून पुढच्या वर्षी त्याने एकाच ठोकळ्यावर काम केलं: एक रंग सगळ्या प्रतींवर छापायचा, मग तोच ठोकळा आणखी कोरून दुसरा. शेवटच्या रंगापर्यंत आधीचा ठोकळा उरलेलाच नसतो. इथे मागे फिरायची वाट नाही, तरी ही पद्धत टिकली. कारण प्रत्येक टप्प्याचा ठसा पुढचा छेद कुठे द्यायचा ते दाखवतो.

दुसरा आक्षेप, की चांगला गुरू असला तर एवढ्या चुका कशाला? शांतिनिकेतनात चित्रकार नंदलाल बोस होते, तिथल्या कलाभवन या कलाशाळेची परंपरा होती. नंदलालांचं १९३० चं काठी घेऊन चालणारे गांधीजी दाखवणारं लिनोचित्र याच वातावरणातलं. काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेघा, बस. पण कुठे थांबायचं हा निर्णय गुरू दुसऱ्याच्या हातात घालू शकत नाही. चित्रकार चित्तोप्रसाद यांनी मुंबईत अंधेरीला राहून कष्टकरी मुलांवर कोरलेली लिनोचित्रं पाहा: छपाईयंत्र नसलं तरी चमच्याच्या पाठीने घासून निघू शकेल असं हे माध्यम, पण त्यातला काळ्याचा भार वारंवार ठसे पाहिल्याशिवाय साधत नाही.

गुरूची गरज आहे ती वेगळ्या जागी. थंडीत लिनो कडक होऊन कडा भुरभुरतात, म्हणून तो आधी उन्हात ठेवावा, एवढं कोणी सांगितलं तर एक ठोकळा वाचतो. आणि दुसरा हात कायम पात्याच्या मागे ठेवायचा, पुढे कधीच नाही. ही एक गोष्ट मात्र चुकून शिकायची नसते, ती पहिल्याच दिवशी दटावून सांगायला हवी.