३१ डिसेंबर, पण कोणत्या सालचा?

१४ डिसेंबर २०२१ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाकडे भारतीय नागरिकत्वाचे १०,६३५ अर्ज प्रलंबित होते. त्यांतले ७,३०६, म्हणजे ६८.७ टक्के, पाकिस्तानी नागरिकांचे होते. अफगाणिस्तानचे १,१५२, बांगलादेशचे १६१, आणि कोणत्याच देशाचे नागरिक नसलेल्यांचे ४२८. हे आकडे सरकारने संसदेत दिले.

याच काळात अर्ज निकाली किती निघत होते? २०१९ मध्ये ९८७ परदेशी व्यक्तींना नागरिकत्व मिळालं. २०२० मध्ये ६३९, आधीच्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. २०२१ मध्ये १,७७३, आधीच्या वर्षाच्या पावणेतीन पट. एकही नवा अर्ज आला नाही असं धरलं, तर २०२१ च्या वेगाने हा साठा संपायला ६ वर्षं लागतात. २०२० च्या वेगाने साडेसोळा.

२०२१ च्या वाढीची फोड पाहण्यासारखी आहे. एप्रिल ते डिसेंबर या नऊ महिन्यांत पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेश या तीन शेजारी देशांतल्या अल्पसंख्याकांना १,४१४ प्रमाणपत्रं मिळाली: नोंदणीने १,१२० आणि देशीयकरणाने २९४. म्हणजे पाचांतले चार जण नोंदणीच्या कलमातून आले. कोणत्या कलमाखाली अर्ज करायचा, हे पहिल्या दिवशी ठरतं. ते ठरवताना अर्जदाराशेजारी बसलेला माणूस बहुतेक वेळा वकील नसतो. तो वकिलाचा कारकून असतो, विधी सेवा प्राधिकरणाचा स्वयंसेवक असतो, नाहीतर समाजाच्या पंचायतीतला लिहिता-वाचता कार्यकर्ता. परदेशात अशा माणसाला पॅरालीगल म्हणतात. हा लेख त्याच्या अभ्यासाबद्दल आहे.

आता नकाशा. डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने दिल्लीसह ७ राज्यांतल्या १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना या अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले. महाराष्ट्राच्या वाट्याला ४ जिल्हे आले: मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर. मध्य प्रदेशाच्या वाट्याला २: भोपाळ आणि इंदूर. पुढे २०२१ मध्ये १३ आणि २०२२ मध्ये २ जिल्हे वाढले, यादी ३१ वर गेली. वाढलेल्या १५ जिल्ह्यांत मध्य प्रदेशातला एकही नाही.

मध्य प्रदेशातलं जबलपूर त्यामुळे यादीबाहेर राहिलं. शहरातल्या गोरखपूरमध्ये राहणाऱ्या अर्जदाराचा (हे उत्तर प्रदेशातलं गोरखपूर नव्हे, जबलपूरची याच नावाची तहसील) निर्णय त्या व्यवस्थेत राज्याच्या गृह सचिवांकडे, भोपाळला. अंतर सुमारे ३०० किलोमीटर. नागपूर त्याहून जवळ आहे, आणि नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे हे अधिकार होतेही. पण अधिकार जिल्ह्यातल्या रहिवाशांपुरते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा तेव्हाच्या मध्य प्रदेशाचं उच्च न्यायालय नागपुराहून जबलपूरला आलं आणि त्याबरोबर मराठी वकिलीची एक परंपराही इथे आली. उच्च न्यायालय दाराशी असलेल्या शहरात नागरिकत्वाची फाईल मात्र भोपाळला जात होती.

२०२४ नंतर हे चित्र वेगाने बदललं. ११ मार्च २०२४ रोजी नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम निघाले. कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळून तेव्हा ४ वर्षं ३ महिने झाले होते. १ सप्टेंबर २०२५ रोजी नवा आप्रवासन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला आणि १९२०, १९३९, १९४६ व २००० सालचे चार कायदे रद्द झाले. या दोन तारखांमध्ये ५३९ दिवस आहेत. मध्येच, पहलगामच्या हल्ल्यानंतर, २७ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधी दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले गेले. २०२३ मध्ये या विषयाचं उत्तम प्रशिक्षण घेतलेला कारकून २०२५ च्या अखेरीस रद्द झालेल्या कलमांच्या आधारे सल्ला देत असू शकतो. तेवढ्याने अर्जदाराचं नुकसान होतं.

किती नुकसान, ते दंडाच्या तक्त्यात दिसतं. वैध कागदांशिवाय देशात शिरण्याची शिक्षा आधीही ५ वर्षांपर्यंत होती, आताही आहे. दंडाची कमाल मर्यादा मात्र ५० हजारांवरून ५ लाखांवर गेली, दहा पट. बनावट पासपोर्ट वापरल्यास कैदेची कमाल मर्यादा ८ वर्षांवरून ७ वर आली, दंडाची ५० हजारांवरून १० लाखांवर, वीस पट. व्हिसाची मुदत उलटून राहिल्यास कैद ५ वर्षांपर्यंत होती ती ३ वर्षांपर्यंत झाली, आणि दंडाची कमाल मर्यादा ३ लाख ठरली. तुरुंगवास थोडा घटला आणि दंड अनेक पटींनी वाढला. दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला यातलं काय अधिक जड जाईल, हे तक्ता सांगत नाही. एक गोष्ट बदलली नाही: आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी १९४६ च्या कायद्यातही त्या व्यक्तीवर होती, नव्या कायद्यातही तिच्यावरच आहे.

आता लेखाच्या शीर्षकातला प्रश्न. दुरुस्ती कायद्याचा लाभ त्याच तीन शेजारी देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींना आहे. नव्या कायद्याखालचा सूट-आदेश याच तीन देशांतल्या याच सहा समाजांना आहे, पण त्याची तारीख ३१ डिसेंबर २०२४. दिवस तोच, महिना तोच, समाज तेच, साल मात्र दहा वर्षांनी पुढे. बातम्यांमध्ये दोन्ही तारखा एकमेकींच्या जागी पडल्या की 'मुदत दहा वर्षांनी वाढली' असा समज होतो. मुदत वाढलेली नाही. पहिली तारीख नागरिकत्वाची आहे, दुसरी शिक्षेतून सुटकेची.

समजा, गोरखपूरमधल्या एखाद्या कुटुंबातला थोरला भाऊ २०१३ मध्ये सिंधमधून आला आणि धाकटा २०१६ मध्ये. थोरल्यासाठी दुरुस्ती कायद्याचा मार्ग खुला आहे. देशीयकरणासाठी ११ ऐवजी ५ वर्षांचं वास्तव्य पुरतं. त्याला मूळ देश दाखवणाऱ्या ९ प्रकारच्या कागदांपैकी एक आणि २०१४ अखेरपूर्वीचा प्रवेश दाखवणाऱ्या २० प्रकारांपैकी एक कागद द्यावा लागतो. मुदत संपलेला पासपोर्टही चालतो. दुसऱ्या यादीत शिधापत्रिका, वीजबिल, शाळेचा दाखला असे घरात सापडणारे कागद आहेत. धाकट्याला सूट-आदेशामुळे कागद संपल्याबद्दल शिक्षा होणार नाही, पण २०१४ च्या रेषेपलीकडे असल्याने दुरुस्ती कायदा त्याला लागू नाही. त्याची वाट नोंदणीच्या किंवा देशीयकरणाच्या जुन्या कलमांतून जाते, आणि ती वैध वास्तव्यावर उभी आहे. त्याला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे खंड न पडता नूतनीकरण झालेला दीर्घ मुदतीचा व्हिसा. 'आता सूट आहे, नूतनीकरणाची घाई नाही' असं कुणी सांगितलं, तर तो सल्ला त्याच्या नागरिकत्वाची वाट बंद करू शकतो.

दारंही दोन आहेत. थोरल्याची फाईल तपासते जिल्हा समिती. तिचे प्रमुख टपाल खात्याचे अधीक्षक. अंतिम निर्णय राज्यस्तरीय समितीचा, आणि तिचे प्रमुख जनगणना संचालक. जिल्हाधिकारी या साखळीत निर्णय देत नाहीत. धाकट्याची फाईल मात्र जिल्हाधिकारी कार्यालयातूनच पुढे सरकते. एकाच घरातल्या दोन भावांना दोन कार्यालयं, दोन अर्ज, दोन तारखा. हे समजावून सांगायला पदवी लागत नाही, अद्ययावत माहिती लागते.

अशी माहिती ताजी ठेवण्यासाठी इतर देश तास मोजतात. अमेरिकेत 'नाला' या संघटनेचं प्रमाणपत्र टिकवायला पॅरालीगलला ५ वर्षांत ५० तासांचं शिक्षण घ्यावं लागतं, त्यात ५ तास व्यावसायिक नीतीचे. कॅलिफोर्निया राज्याचा कायदा दर २ वर्षांना ८ तास मागतो, त्यांतले ४ नीतीचे. कॅनडात परवानाधारक आप्रवासन सल्लागाराला वर्षाला १६ तास. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत एजंटाला वर्षाला १० गुण. सारखं माप लावलं तर अमेरिकी संघटना वर्षाला १० तास, कॅलिफोर्निया ४, कॅनडा १६. कॅनडाचा आकडा सर्वांत मोठा आहे, आणि तिथे हा सल्लागार वकिलाच्या हाताखाली नाही, स्वतःच्या जबाबदारीवर काम करतो. गोरखपूरमधला स्वयंसेवकही व्यवहारात तसाच एकटा असतो, म्हणून तुलना कॅनडाशी व्हायला हवी असं मला वाटतं.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवक योजनेच्या नावातच परिचय, प्रवेश आणि उजळणी असे तीन वर्ग आहेत. स्वयंसेवक साक्षर असावा, शक्यतो मॅट्रिक. इतकीच शिक्षणाची अट. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, आणि त्याच्या कलम १२ मध्ये मोफत मदतीचा हक्क 'नागरिकाला' नाही, 'व्यक्तीला' आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३९-अ मध्ये शब्द 'नागरिक' असा आहे; कायद्याने त्याहून रुंद दार ठेवलं. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही. नागरिकत्व नसलेल्या बाईलाही नागरिकत्वाच्या दाव्यासाठी मोफत वकील मागता येतो. हे वाक्य किती स्वयंसेवकांना शिकवलं जातं, यावर बरंच अवलंबून आहे.

आणि स्वयंसेवक घटताहेत. 'इंडिया जस्टिस रिपोर्ट २०२५' नुसार २०१९ ते २०२४ या काळात देशातली त्यांची संख्या ३८ टक्क्यांनी कमी झाली. आता लाख लोकसंख्येमागे ३. २०११ च्या जनगणनेत जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या २४.६३ लाख होती. राष्ट्रीय सरासरी तिला लावली तर संख्या येते ७४. जिल्ह्याची प्रत्यक्ष संख्या वेगळी असेल. हा फक्त मापाचा अंदाज.

या मापावर पुढचा हिशेब करता येतो. मध्य प्रदेश राज्य विधी सेवा प्राधिकरणाचं मुख्यालय जबलपुरात आहे, राज्याची न्यायिक अकादमी जबलपुरात आहे, २०१८ पासून धर्मशास्त्र राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. शिकवणारे बाहेरून आणायला नकोत. कॅनडाचे १६ पुढे गाठता येतील; सुरुवातीला वर्षाला १० तास धरले, तर ३ तास तारखा आणि कलमांना, ३ तास २९ प्रकारच्या कागदांना, २ तास व्हिसाच्या नूतनीकरणाला, आणि २ तास एकाच प्रश्नाला: कुठे थांबायचं आणि फाईल वकिलाकडे कधी द्यायची. ७४ जणांचे साधारण २५-२५ चे तीन गट केले, तर शिकवण्याचे तास होतात ३०. दिवसाचे सहा तास धरले, तर वर्षातले ५ दिवस.