मोटारीच्या टांकींतील गंज

जुनी वस्तु जपून ठेवणें आणि जुनी वस्तु चालू ठेवणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आजोबांचें घड्याळ कपाटांत ठेवलें तर तें जपलें जातें. परंतु त्याचे कांटे फिरावयास हवे असतील तर त्याच्या पोटांत काय चाललें आहे हें कोणी तरी उघडून पाहिलें पाहिजे. मोटारीचेंही असेंच आहे. अमेरिकेंतील फोर्ड कंपनीनें १९०८ ते १९२७ या काळांत 'मॉडेल टी' नांवाच्या सुमारें दीड कोटी मोटारी बनविल्या. त्यांपैकीं कित्येक मोटारी शौकिनांनीं आजही चालत्या ठेवल्या आहेत. आपल्याकडे कुर्ल्यास तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी मोटारी टॅक्सी म्हणून २०२३ सालीं मुंबईच्या रस्त्यांवरून निघून गेल्या, तरी कांहीं घरीं त्या अद्याप हौसेनें सांभाळलेल्या दिसतात. अशा गाडीचा रंग चकचकीत असतो, बैठका नव्या असतात. पण ती दोन मैल जाते आणि आचके देऊन थांबते. या दुखण्याचें मूळ पुष्कळदां पेट्रोलच्या टांकींत, गंजाच्या रूपानें, दडून बसलेलें असतें. हा गंज कां चढतो, तो कसा काढावा आणि तो काढतांना जिवास कसें जपावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम गंज म्हणजे काय तें पाहूं. लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु हीं तीन एकत्र आलीं म्हणजे लोखंडावर जो तांबूस पदार्थ तयार होतो त्यास आपण गंज म्हणतों. तिहींपैकीं एक जरी नसलें तरी गंज चढत नाहीं. अगदीं कोरड्या हवेंत ठेवलेला खिळा गंजत नाहीं. आणि उकळून हवा काढून टाकलेल्या पाण्यांत, वर तेलाचा थर देऊन ठेवलेला खिळाही गंजत नाहीं. हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेंत आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं केलेलाच असेल. ॲल्युमिनियमवरही प्राणवायूमुळें एक थर येतो. परंतु तो घट्ट चिकटून बसतो आणि आंतील धातूचें रक्षण करतो. लोखंडाच्या गंजाचा स्वभाव उलट आहे. तो मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, फुगतो, पोपडे होऊन सुटतो आणि खालचें कोरें लोखंड पुन्हां हवापाण्याच्या स्वाधीन करतो. म्हणून एकदां लागलेला गंज पाणी आणि हवा मिळत असेपर्यंत आपण होऊन थांबत नाहीं.

येथें वाचक विचारतील कीं, टांकींत तर पेट्रोल भरलेलें असतें; मग पाणी येतें कोठून? तें हवेंतून येतें. टांकी पूर्ण भरलेली नसली म्हणजे पेट्रोलच्या वर हवा असते. दिवसा ऊन लागून ती हवा प्रसरण पावते व झांकणाच्या बारीक भोंकांतून बाहेर जाते. रात्रीं थंडाव्यानें ती आकुंचन पावते आणि बाहेरची दमट हवा आंत ओढली जाते. त्या हवेंतील बाष्प टांकीच्या थंड पत्र्यावर दंवाप्रमाणें जमतें व थेंब होऊन खालीं उतरतें. पेट्रोल पाण्याहून हलकें असल्यामुळें पाणी थेट तळाशीं जाऊन बसतें आणि तेथील पत्रा खाऊं लागतें. कोंकणांत पावसाळ्याचे चार महिने अर्ध्या भरलेल्या टांकीनें गाडी उभी राहिली, तर हा क्रम रोजच्या रोज चालतो हें सांगावयास नको.

मोटारी बनविणाऱ्यांस हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. त्यांनीं टांक्यांसाठीं जो पोलादी पत्रा वापरला, त्यावर शिसें व कथील यांच्या मिश्रणाचा पातळ मुलामा दिलेला असे; आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांस कल्हई करतात तसाच हा प्रकार. मॉडेल टी गाडींत टांकी बहुधा पुढच्या बैठकीखालीं असे आणि पेट्रोल पंपावांचून, केवळ उतारानें इंजिनाकडे वाहत असे. म्हणून टांकीच्या बुडाशीं एक लहानशी वाटी बसविलेली असे. पाणी व गाळ तींत सांचत, आणि तिची तोटी उघडून मालकानें तीं अधूनमधून काढून टाकावयाचीं असत. म्हणजे पाणी येणारच हें गृहीत धरून त्यास बाहेर जाण्याची वाट निर्मात्यानेंच ठेविली होती. कल्हई झिजली आणि तोटी उघडण्याची संवय सुटली, कीं गंजाचें राज्य सुरू होतें.

अलीकडे यांत आणखी एका कारणाची भर पडली आहे. पेट्रोलमध्यें आतां इथेनॉल, म्हणजे उंसासारख्या पिकांपासून काढलेला मद्यार्क, मिसळतात. भारतांत हें प्रमाण शेंकडा २० पर्यंत नेण्यांत आलें आहे. मद्यार्क पाणी शोषून घेतो. थोडें पाणी त्यांत विरघळून इंजिनांत जळूनही जातें; परंतु तें मर्यादेबाहेर गेलें म्हणजे पाणी व मद्यार्क मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टांकीच्या तळाशीं थर धरतात. शिवाय टांकींत वर्षानुवर्षें चिकटलेला जुना चिकट मळही मद्यार्कानें सुटूं लागतो. नव्या गाड्या या इंधनाच्या बेतानें बनविलेल्या असतात. जुन्यांच्या बाबतींत मालकानेंच डोळ्यांत तेल घालून राहिलें पाहिजे.

रोग ओळखावा कसा? गाडी वेगांत असतां इंजिन गुदमरल्यासारखें होऊन बंद पडतें, आणि पांच-दहा मिनिटें उभी ठेवल्यावर पुन्हां जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी सुरू होते. वाहत्या पेट्रोलबरोबर गंजाचे पोपडे नळीच्या तोंडाशीं ओढले जाऊन तेथें अडकतात, आणि प्रवाह थांबला कीं खालीं पडतात, हें त्याचें कारण. गाळणींत किंवा कार्ब्युरेटरच्या वाटींत तांबडी भुकटी सांपडली तर संशयास जागा राहत नाहीं. पुष्कळ लोक अशा वेळीं कार्ब्युरेटर साफ करतात, चार दिवसांनीं पुन्हां साफ करतात, गाळणीमागून गाळणी बदलतात. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा हा प्रकार होय. गाळणी गाळ अडविते. गाळ निर्माण होणें तिला थांबवितां येत नाहीं.

आतां टांकी काढून स्वच्छ करण्याकडे वळूं. पण त्यापूर्वीं एक गोष्ट आमच्या तरुण वाचकांनीं मनावर कोरून ठेवावी. भरलेल्या टांकीपेक्षां रिकामी टांकी अधिक घातक असते. पेट जो घेते ती पेट्रोलची वाफ. आणि हवेंत ती सुमारें दीड ते साडेसात टक्के या प्रमाणांत मिसळली म्हणजे एका ठिणगीनें तिचा स्फोट होतो. भरलेल्या टांकींत वाफ इतकी दाट असते कीं तिला जळण्यापुरती हवा मिळत नाहीं. 'रिकाम्या' टांकींत मात्र हें भयंकर प्रमाण सहज जुळून येतें. शून्याखालीं चाळीस अंशांच्या थंडींतही पेट्रोलपासून पेट घेण्याजोगी वाफ निघते, मग आपल्या उन्हाळ्याची गोष्टच नको. ती हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत पसरते व दूरच्या चुलीपर्यंत किंवा देवापुढील दिव्यापर्यंत जाऊन पोंचते. म्हणून हें काम घरांत कदापि करूं नये. मोकळ्या जागीं, विस्तवापासून दूर, बॅटरीच्या तारा सोडवून आणि जाणत्या माणसाच्या देखत तें करावें. मुलांनीं एकट्यानें त्यास हातही लावूं नये. काडी ओढून टांकींत डोकावणाऱ्यास दुसऱ्यांदा डोकावण्याची संधि मिळेलच असें नाहीं.

पेट्रोल बंद होणाऱ्या धातूच्या डब्यांत काढून घ्यावें. गटारांत ओतूं नये. टांकी सोडवून, आंतील पेट्रोलची पातळी दाखविणारें यंत्र काढून ठेवावें. मग गरम पाणी व धुण्याचा सोडा किंवा साबण यांनीं ती अनेक वेळां खळखळून धुवावी. हें धुणें केवळ वाफ घालविण्यासाठीं नव्हे. शिळें झालेलें पेट्रोल डिंकासारखा चिकट थर धरतें, आणि तो निघाल्यावांचून पुढील कोणतेंही औषध गंजापर्यंत पोंचत नाहीं. जुन्या पेट्रोलमध्यें शिशाचें संयुग घालीत असत. भारतांत तें २००० सालीं बंद झालें. जुन्या टांकीच्या गाळांत त्याचा अंश असूं शकतो, आणि शिसें हें विष आहे. सबब हातमोजे घालावे, आणि कोरडी भुकटी फुंकून उडवूं नये.

टांकी पेट्रोलच्या वाफेपासून पूर्णपणें मोकळी झाल्यावरच सुटे पोपडे काढण्यास आरंभ करावा. कारण लोखंडावर लोखंड आपटलें तर ठिणगी उडूं शकते. यासाठीं टांकींत थोडें साबणाचें पाणी व एक बारीक सांखळी घालून ती चहूंकडे हालवितात. कित्येक लोक सुट्या चाक्या किंवा खडे वापरतात. परंतु टांकीच्या पोटांत पेट्रोल हिंदकळूं नये म्हणून आडवे पडदे बसविलेले असतात, आणि त्यांच्यामागें गेलेला खडा सहसा परत येत नाहीं. सांखळीचें एक टोंक हातांत ठेवलें तर ती अखंड बाहेर काढतां येते.

यानंतर चिकटून राहिलेल्या गंजावर रासायनिक उपाय करावयाचा. लिंबाचें सत्त्व किंवा व्हिनेगर हें सौम्य औषध. तें हळू चालतें, पण घात करीत नाहीं. फॉस्फोरिक आम्ल अधिक जलद आहे, आणि गंज विरघळवितांना लोखंडावर फॉस्फेटचा पातळ थर सोडून जातें, हा त्याचा विशेष गुण. तें पातळ करतांना पाण्यांत आम्ल ओतावें, आम्लांत पाणी ओतूं नये. हायड्रोक्लोरिक आम्ल फार तीव्र. तें गंजाबरोबर पत्राही खातें, राहिलेली कल्हई उतरवितें, आणि त्याचा अंश मागें राहिला तर गंज अधिकच जोमानें परततो. तें घरीं न वापरलेलेंच बरें. टांकींत गंजाचे दोन-चारच डाग असतील आणि बाकी कल्हई शाबूत असेल, तर नुसत्या धुण्यावर भागवावें. रोगापेक्षां औषध जबर असूं नये.

विजेच्या साहाय्यानेंही गंज काढतां येतो. टांकी धुण्याच्या सोड्याच्या द्रावणानें कांठोकांठ भरावी; तोंडांतून साध्या लोखंडाची कांब, टांकीस कोठेंही स्पर्श होणार नाहीं अशी, आंत सोडावी. बॅटरी भरण्याच्या यंत्राचें ऋण टोंक टांकीस व धन टोंक कांबेस जोडावें. गंज काळसर, भुसभुशीत होऊन सुटतो, आणि त्याऐवजीं कांब झिजते. हीं टोंकें उलटीं जोडलीं गेलीं तर टांकीच झिजेल. कांब स्टेनलेस पोलादाची घेऊं नये, कारण तींतील क्रोमियमपासून विषारी द्रव्य तयार होतें. या क्रियेंत हायड्रोजन व प्राणवायु सुटतात, आणि त्यांचें मिश्रण स्फोटक असतें. म्हणून हेंही मोकळ्या हवेंत करावें, आणि विजेचा प्रवाह बंद केल्याविना तारांस हात लावूं नये.

आम्लाचा उपाय केला असल्यास सोड्याच्या पाण्यानें त्याचा अंश मारावा, स्वच्छ पाण्यानें टांकी धुवावी आणि लगोलग कोरडी करावी. या 'लगोलग' शब्दास महत्त्व आहे. कारण निर्मळ झालेलें लोखंड उघडें असतें, आणि ओलें राहिलें तर कांहीं मिनिटांत त्यावर नवी तांबूस झांक चढते. गरम हवेचा झोत द्यावा. विस्तव मात्र दाखवूं नये. पत्र्यास भोंक पडलें असेल तर डाग देण्याचें काम त्यांतील तज्ज्ञाकडेच सोंपवावें, कारण पुष्कळदां धुतलेल्या टांकीच्या सांध्यांतूनही उष्णतेनें पुन्हां वाफ निघते. पत्रा जागोजाग चाळणीसारखा झाला असल्यास नवी टांकी घेणें हाच शहाणपणा.

आंतून लेप देऊन टांकी 'नवी' करण्याचीं औषधें बाजारांत मिळतात. त्यांतील कांहीं चांगलीं आहेत. परंतु ओल, तेल किंवा सुटा गंज यांवर दिलेला लेप टिकत नाहीं. तो कांहीं दिवसांनीं चादरीसारखा सुटतो आणि पेट्रोलची वाट अशी बंद करतो कीं मूळचा गंज बरा वाटावा. कांहीं जुने लेप मद्यार्कानें विरघळतातही. म्हणून लेप द्यावयाचाच तर तो इथेनॉलमध्यें टिकणारा आहे याची खात्री करावी, पेट्रोलच्या नळीचें तोंड व हवेची वाट मोकळी राखावी, आणि तो पुरता वाळेपर्यंत धीर धरावा. घाणीवर चढविलेला मुलामा म्हणजे स्वच्छता नव्हे, हा नियम टांकीपुरताच खरा आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

टांकी परत बसवितांना नळ्या, पंप व कार्ब्युरेटर हींही धुवावीं, नवी गाळणी घालावी, आणि पहिल्या कांहीं फेऱ्यांनंतर ती उघडून पाहावी. झांकणाचें हवेचें भोंक बंद नाहीं ना, हेंही तपासावें. तें बुजलें तर टांकींत निर्वात होऊन पेट्रोल अडतें, आणि स्वच्छ टांकी असूनही गाडी थांबते.

येथवर जें सांगितलें तें गंज काढण्याविषयीं. परंतु गंज हें लक्षण आहे, आणि कारण पाणी. पाणी येत राहिलें तर एवढे सारे श्रम वर्षा-दोन वर्षांत पुन्हां करावे लागतील. उलट, गाडी थोडे दिवस उभी राहणार असेल तर टांकी पूर्ण भरून ठेवावी, म्हणजे बाष्प जमण्यास जागाच उरत नाहीं. फार काळ उभी राहणार असेल तर ती पूर्ण रिकामी करून कोरडी ठेवावी, कारण शिळें पेट्रोलही अपाय करतें. झांकणाचें रबर शाबूत असावें. तळाशीं तोटी असल्यास ती पावसाळ्याच्या आधीं व नंतर उघडावी. आणि गाडी महिन्यांतून दोनदां तरी फिरवावी. या चार गोष्टींस खर्च जवळजवळ नाहीं, आणि आम्ल, वीज व लेप यांची गरज त्या पुष्कळ वर्षें लांबणीवर टाकतात. ज्या घरीं जुनी मोटार असेल त्या घरच्या वडील माणसांनीं हें काम मुलांना शेजारीं उभें करून दाखवावें. पाणी काढण्याची तोटी उघडणें मुलास वडिलांच्या देखरेखीखालीं शिकतां येईल. आणि तें एकदां नेमानें होऊं लागलें म्हणजे ती मोटार त्याच्या मुलांनाही चालवितां येईल.