पेंडीतील प्रथिने: कोठीपोटात किती फुटतात, म्हशीला किती मिळतात?

गोरेगावच्या आरे दुग्ध वसाहतीत किंवा जोगेश्वरीच्या तबेल्यात हिरवे पॅरा गवत जवळपास मिळाले, तरी सरकी पेंड, चुनी, भुसा, मका हे सगळे विकतच घ्यावे लागते. पशुखाद्याच्या पोत्यावर ‘क्रूड प्रोटीन २० टक्के’ असे छापलेले असते. मात्र हा आकडा खाद्यातील नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणून काढलेला असतो. त्यातील किती प्रथिने कोठीपोटात फुटतात आणि किती पुढे आतड्यात जातात, हे त्यावरून कळत नाही.

कोठीपोटात काय घडते?

कोठीपोटातील जिवाणू प्रथिनांचे विघटन करून अमोनिया तयार करतात. मका भरड्यासारख्या खाद्यातून पुरेशी ऊर्जा मिळाली, तर त्याच अमोनियापासून ते स्वतःची प्रथिने बनवतात. हे जिवाणू पुढे आतड्यात पचतात आणि म्हशीला चांगल्या दर्जाची प्रथिने मिळतात. ऊर्जा कमी पडली, की जादा अमोनिया रक्तात जातो. यकृत त्याचा युरिया करते व तो लघवी आणि दुधातून बाहेर पडतो. म्हणजे पेंडीवर घातलेला पैसा गटारात जातो. न फुटता आतड्यात पोहोचणाऱ्या प्रथिनांना ‘बायपास प्रथिने’ म्हणतात.

विघटनाचा अंदाज कसा काढतात?

प्रयोगासाठी कोठीपोटाला कायमचे छिद्र ठेवलेले जनावर वापरतात. दळलेले खाद्य बारीक छिद्रांच्या नायलॉन पिशवीत भरून कोठीपोटात सोडतात. पिशव्या २, ४, ८, १६, २४, ४८ तासांनी काढून धुतात, वाळवतात आणि उरलेले नत्र मोजतात. त्यावरून तीन गोष्टी कळतात: लगेच विरघळणारा भाग (अ), हळूहळू फुटणारा भाग (ब) आणि त्याचा ताशी फुटण्याचा वेग (क). खाद्य कोठीपोटातून पुढे सरकण्याचा ताशी वेग (ग) धरून सूत्र असे मांडतात:

प्रत्यक्ष विघटन = अ + (ब × क) ÷ (क + ग)

हे सूत्र ऑर्स्कोव्ह आणि मॅकडोनाल्ड यांनी १९७९ मध्ये मांडले. समजण्यासाठी एक उदाहरण पाहा. एखाद्या पेंडीत अ २० टक्के, ब ६० टक्के, क ०.०५ आणि ग ०.०५ असेल, तर विघटन २० + ३० = ५० टक्के होते. जास्त दूध देणारी म्हैस जास्त खाते, त्यामुळे खाद्य लवकर पुढे सरकते. ग ०.०८ झाला, तर तीच पेंड सुमारे ४३ टक्केच फुटते. म्हणून एकच आकडा सर्व जनावरांना लागू करू नये.

तबेल्यात काय करावे?

- शेंगदाणा व मोहरी पेंडीतील प्रथिने कोठीपोटात जास्त व लवकर फुटतात, सरकी पेंडीतील तुलनेने कमी. एकाच पेंडीवर विसंबू नका, मिश्रण करा.
- लवकर फुटणाऱ्या पेंडीबरोबर मका भरडा द्या. अंबोण एकदम न देता दिवसातून दोन-तीन वेळा विभागून द्या.
- बायपास प्रथिनांचे खाद्य महाग असते. ते नुकत्याच व्यायलेल्या, भरपूर दूध देणाऱ्या म्हशींनाच द्या. कमी दुधाच्या किंवा भाकड म्हशीला त्याचा फारसा फायदा होत नाही.
- पेंडीवर घरी फॉर्मालिनची प्रक्रिया करू नका. प्रमाण चुकले, तर प्रथिने आतड्यातही पचत नाहीत आणि हाताळणाऱ्यालाही धोका असतो.
- युरिया कोठीपोटात झपाट्याने फुटतो. तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय तो खाद्यात मिसळल्यास विषबाधा होऊ शकते.
- दुधातील युरियाची तपासणी करून घ्या. तो सतत जास्त येत असेल, तर पेंड वाढवण्याआधी मिश्रणातील पेंड आणि मक्याचे प्रमाण तपासा.

नवे मिश्रण सुरू करताना ते आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला आणि रोजचे दूध वहीत लिहा. मिश्रण ठरवण्यासाठी मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या पशुपोषण विभागाचा किंवा आपल्या पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.