नावामुळे जन्मास आलेले व्यंग

शरीराच्या एखाद्या भागाला नाव मिळाले की तो डोळ्यांना खुपू लागतो. गालावरच्या खोलगटपणाला मराठीने खळी म्हटले, पाठीच्या मधोमध उतरणाऱ्या रेषेला पन्हळ म्हटले, आणि दोहोंचे कौतुकच केले. कमरेचे हाड आणि मांडीचे वरचे टोक यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंस, अनेकांच्या अंगावर जो किंचित खळगा असतो त्याला मात्र आपल्या भाषेत नाव नव्हते. कारण त्याविषयी कोणाला काही म्हणावयाचेच नव्हते. गेल्या काही वर्षांत भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून ‘हिप डिप’ हे इंग्रजी नाव मराठी घरांत येऊन पोहोचले. आज महाविद्यालयात जाणारी मुलगी अंगासरशी जीन्स घालून आरशासमोर उभी राहते आणि जे शोधते, ते तिच्या आईने स्वतःच्या अंगावर कधी पाहिलेही नसेल. आईच्या अंगावर ते नव्हते असे नाही. पाचवारीच्या निऱ्यांनी आणि पदराने ते झाकले होते, एवढेच.

वस्तुतः हा खळगा म्हणजे हाडांच्या ठेवणीचा सरळ परिणाम आहे. कमरेवर हात ठेवला असता जी कड बोटांना लागते, ती श्रोणीच्या पंखासारख्या पसरट हाडाची वरची कड होय. त्याखाली काही अंतरावर मांडीच्या हाडाचा एक उंचवटा बाहेरच्या बाजूस आलेला असतो. कुशीवर निजले असता चटईला टेकतो तो हाच. या दोन उंचवट्यांच्या मध्ये त्वचेला बाहेरून उचलून धरणारे हाड नाही. तेथे स्नायू आहेत आणि त्यांवर चरबीचा थर आहे. श्रोणी किती उंच व किती रुंद, मांडीच्या हाडाची मान कोणत्या कोनात वळलेली, चरबी कोठे अधिक साठते, यांवर त्या खळग्याची खोली अवलंबून असते. आणि यांतील बहुतेक गोष्टी जन्माबरोबर येतात. म्हणूनच तो सडपातळ बाईच्या अंगावर असतो तसाच स्थूल बाईच्याही असतो, आणि पुरुषांच्या अंगावरही असतो. शरीररचनाशास्त्राला तो ठाऊक आहे, परंतु रोगांच्या यादीत त्याला स्थान नाही.

या खळग्याखालचा स्नायू मोठ्या योग्यतेचा आहे. श्रोणीच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून निघून मांडीच्या त्या उंचवट्याला जाऊन मिळणारा हा नितंबाचा मधला स्नायू, आपण एका पायावर भार टाकतो तेव्हा कंबर दुसऱ्या बाजूस कलू देत नाही. चालताना प्रत्येक पावलागणिक आपण क्षणभर एका पायावर उभे असतो. तेवढा क्षण हा स्नायू शरीर तोलून धरतो. तो दुबळा झाला तर चाल कशी बिघडते, याचे निरीक्षण जर्मन शल्यविशारद फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये मांडले, आणि खुब्याच्या तपासणीत त्यांच्या नावाची चाचणी आजही केली जाते. पोलिओने एक पाय लुळा झालेल्या माणसाची डोलती चाल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या स्नायूचे मोल निराळे सांगावयास नको. असे असता त्या जागेविषयी मुलींना आज जे शिकविले जात आहे ते इतकेच, की ती जागा भरून काढावयाची आहे.

एखाद्या नैसर्गिक गोष्टीला नवे नाव देऊन तिचे व्यंगात रूपांतर करण्याचा हा प्रकार पहिलाच नव्हे. मांडीवरच्या त्वचेखाली चरबीची जी बारीक उंचसखल घडण बहुसंख्य प्रौढ स्त्रियांत असते, तिला फ्रान्समध्ये ‘सेल्युलाइट’ म्हणत. १९६८ मध्ये ‘व्होग’ने हा शब्द अमेरिकन वाचकांपुढे ठेवला आणि पाहता पाहता मलमे, मालिशा आणि पट्टे यांचा मोठा धंदा उभा राहिला. ‘हिप डिप’ची कथा त्याच मुशीतली आहे. भेद एवढाच की नियतकालिक महिन्या-पंधरवड्याने हाती येई, तर भ्रमणध्वनीवरची चित्रे दिवसातून शंभरदा डोळ्यांपुढे येतात, आणि त्यांतील कित्येकांत कमरेची रेषा बोटाच्या एका ओढीने गुळगुळीत केलेली असते. इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या अंतर्गत अभ्यासातील निष्कर्ष २०२१ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने उघड केले. किशोरवयीन मुलींपैकी तिघींमागे एकीच्या मनात स्वतःच्या देहाविषयी जी अस्वस्थता असते ती या माध्यमामुळे अधिक बिघडते, असे कंपनीच्याच माणसांनी लिहून ठेवले होते. या निष्कर्षांचा अर्थ चुकीचा लावला गेला, असे कंपनीचे म्हणणे पडले. ते काही असो. नॉर्वेने मात्र जुलै २०२२ पासून जाहिरातीतील देहाचा आकार किंवा त्वचा चित्रात बदलली असल्यास तसा ठळक शिक्का मारणे सक्तीचे केले आहे.

अर्थात नटण्यामुरडण्याची हौस हे पाप नव्हे, आणि सज्ञान स्त्रीने स्वतःच्या पैशाने स्वतःच्या शरीरावर काय करावे हे ठरविण्याचा अधिकार शेजाऱ्यापाजाऱ्यांना नाही. प्रश्न आहे तो, ज्या उपायांसाठी पैसे मोजले जातात ते काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे विकत घेणारीला कळते की नाही हा. ‘शस्त्रक्रियेविना’ या शब्दात मोठे आश्वासन आहे. चाकू नाही, तेव्हा धोकाही नाही, अशी समजूत त्यातून सहज होते.

प्रथम थंडीचा उपाय. आइसकांडी चोखणाऱ्या तान्ह्या मुलाच्या गालातील चरबी गारठ्याने इजा पावते, अशी नोंद १९७० मध्ये अमेरिकन वैद्यकीय वाङ्मयात झाली. त्वचेपेक्षा चरबीच्या पेशी थंडीने लवकर मरतात, या सूत्रावर पुढे हार्वर्डमधील डिटर मॅनस्टाइन आणि रॉक्स अँडरसन यांनी चरबी गोठविण्याची पद्धत सिद्ध केली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये कमरेच्या वळ्यांसाठी तिला मुभा दिली. जेथे यंत्र लावले तेथील चरबीचा थर साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाने कमी होतो, असे आढळते. पण ही पद्धत चरबी कमी करणारी आहे, आणि येथे तक्रार आहे ती खळग्याची! खळगा भरावयाचे काम खळगा पाडणाऱ्या यंत्राकडे कसे सोपवावयाचे? वरची आणि खालची चरबी उतरवून मधला भाग कमी खोल भासविता येईल, एवढाच यातला युक्तिवाद. आणि जिच्या अंगावर मुळातच मांस बेताचे, तिच्या बाबतीत तोही लंगडा पडतो. शिवाय क्वचित प्रसंगी गोठविलेली चरबी नाहीशी होण्याऐवजी कठीण होऊन फुगते. या विपरीत परिणामाची पहिली वैद्यकीय नोंद २०१४ ची. एकेकाळची जगद्विख्यात मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा हिने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्याला हेच झाल्याचे जाहीर करून दावा लावला, आणि जुलै २०२२ मध्ये तो तडजोडीने मिटला. ही फुगलेली चरबी काढावयास बहुधा शस्त्रक्रियाच लागते. म्हणजे चाकू टाळण्यासाठी निघालेली व्यक्ती चाकूपाशीच येऊन पोहोचते.

ध्वनिलहरी, रेडिओलहरी यांच्या उष्णतेने त्वचा आवळण्याचे आणि विजेच्या धक्क्याने स्नायू आकुंचविण्याचे जे प्रकार आहेत, त्यांचा गुण येतो तो मर्यादित आणि बव्हंशी तात्पुरता. हाडांची ठेवण त्यांपैकी कशानेही बदलत नाही.

अधिक काळजीचा विषय आहे सुईने खळगा भरण्याचा. यासाठी हायल्युरॉनिक आम्ल किंवा तत्सम द्रव्ये वापरतात. चेहऱ्यावरच्या सुरकुतीला त्यांचा एखादा मिलिलिटर पुरतो. कमरेच्या दोन्ही बाजूंना त्याच्या कितीतरी पट लागते, आणि शरीर ते हळूहळू शोषून घेत असल्यामुळे खर्च पुनःपुन्हा करावा लागतो. जंतुसंसर्ग, गाठी आणि रक्तवाहिनीत द्रव्य शिरून ती बंद होणे, हे धोके मात्रेबरोबर वाढतात. अमेरिकन प्रशासनाने नितंबांचा आकार वाढविण्यासाठी या द्रव्यांना मान्यता दिलेली नाही, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तर शरीराला आकार देण्यासाठी पातळ सिलिकोन टोचून घेऊ नये असा स्पष्ट इशारा दिला; ते रक्तावाटे फुप्फुसांत वा मेंदूत जाऊन प्राणावर बेतू शकते. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये नितंबांत भरणद्रव्य टोचून घेतल्यानंतर एका तरुण स्त्रीचा मृत्यू ओढवला. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील सरकारने असे जोखमीचे उपचार केवळ पात्र आरोग्य-व्यावसायिकांनीच करावेत, असे निर्बंध आणण्याचे जाहीर केले. तोवर तेथेही ही सुई कोणाच्या हाती असावी यावर पुरेसे बंधन नव्हते.

व्यायामाच्या नावाने चाललेली फसवणूक त्या मानाने निरुपद्रवी. ‘पंधरा दिवसांत खळगा नाहीसा’ म्हणणाऱ्या चित्रफिती पाहून पोरी घरात चटईवर पाय उचलीत असतात. एका जागेचा व्यायाम त्या जागेची चरबी उतरवीत नाही, हे १९७१ मध्येच टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजून दाखविले गेले. खेळाच्या हातावरील चरबीचा थर दुसऱ्या हाताहून पातळ नव्हता. तथापि कुशीवर निजून पाय वर उचलण्याच्या व्यायामाने नितंबाचा तो मधला स्नायू बळकट होतो, आणि उतारवयात तोल सांभाळावयास त्याचा उपयोग होतो. खळगा जाईल म्हणून तो करू नये. चाल सुधारेल म्हणून अवश्य करावा.

इतके जाणूनही ज्यांना उपचार घ्यावयाचा आहे, त्यांनी ब्यूटी पार्लरची पायरी न चढता त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लॅस्टिक सर्जन गाठावा, आणि त्यांचा वैद्यक परिषदेतील नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा. कोणते द्रव्य, किती मात्रेत, कोणत्या कामासाठी मान्यता असलेले. गुण किती महिने टिकेल. काही बिघडले तर निस्तरणार कोण व कोणाच्या खर्चाने, हे प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. उत्तर देण्याआधी ‘सवलत आजच संपते’ असे सांगणाऱ्या ठिकाणाहून उठून यावे. आणि जिचा सारा दिवस त्या एका खळग्याच्या विचारात जातो, कॉलेजला जाण्याचेही जी टाळू लागते, तिला आधी मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे. चांगला सर्जन ते स्वतःच सांगतो.

कारकुनाच्या वा शिक्षिकेच्या पगारात सुलभ हप्त्यांचा मोह मोठा असतो. पण वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या नियमांत आरोग्यसेवेला जी माफी आहे, तीतून निव्वळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वगळलेली आहे. आरोग्यविम्यातही असे उपचार सामान्यतः बसत नाहीत. सरकार व विमा कंपनी दोघेही ज्याला आजार मानत नाहीत, त्याला जाहिरातदार मात्र ‘समस्या’ म्हणतो.

जाहिरातींवर आपल्याकडे कायदा नाही असे नाही. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याच्या यादीत स्थूलपणा आहे, उंची आहे, स्तनांचा आकारदेखील आहे. खुब्याजवळचा खळगा नाही, कारण तेव्हा तो कोणाची तक्रार नव्हता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मात्र कोणत्याही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध दाद मागता येते, आणि केंद्रीय प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. त्यासाठी पडद्यावरच्या जाहिरातीची प्रतिमा, पैसे भरल्याची पावती आणि सही केलेल्या संमतिपत्राची प्रत, ही तिन्ही पहिल्याच दिवशी जपून ठेवलेली असावयास हवीत.