शिंगराची दूधआई

मालेगावात लग्नाची घोडी पाळणारी घरं आता थोडीच उरली आहेत. रिक्षा आल्या, टांगे गेले, तेव्हा बऱ्याच टांगेवाल्यांनी जनावरं विकून टाकली. ज्यांना ती सोडवेनात, त्यांनी घोडी सजवून वरातीला द्यायला सुरुवात केली. मोसम नदीच्या अलीकडचा दुल्हा असो की पलीकडचा नवरदेव, घोडी तीच. फक्त झूल बदलते. आमच्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलाचं घर अशाच एका घोडीवर चालायचं.

2024 च्या फेब्रुवारीतली गोष्ट आहे. शबे-बारात तीन दिवसांवर होती. रमजानच्या आधी लग्नं उरकायची सगळ्यांची घाई, म्हणजे घोडीवाल्यांच्या कमाईचे दिवस. पण त्यांची घोडी गाभण असल्यामुळे त्या हंगामात घरीच होती. सकाळी सात-साडेसातला तो मुलगा आमच्या दारात उभा. पायात चप्पल नाही. ‘‘सर, अब्बा बुला रहे हैं. घोडी मर गई. बच्चा जिंदा है.’’

त्याच्या अब्बांना डॉक्टरांशी मराठीत बोलायला कुणीतरी हवं होतं, म्हणून आमची आठवण झाली होती. घोडी पहाटे व्यायली, शिंगरू तासाभरात उभं राहिलं, आणि मग घोडी घामाने थबथबून खाली बसली ती उठलीच नाही. वयस्कर घोडीला वितेवेळी गर्भाशयाची मोठी रक्तवाहिनी फुटून आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. फोनवर मात्र त्यांनी घोडीबद्दल एकच प्रश्न विचारला, ‘‘जाऊन किती वेळ झाला?’’ अर्धा तास, आम्ही सांगितलं. ‘‘शिंगरू प्यायलं का?’’ नाही. ‘‘मग आधी कास पिळा. निघेल तेवढा चीक काढा. रडणं नंतर.’’

हा सल्ला आम्हाला तेव्हा निर्दय वाटला. त्यामागचं कारण कळलं तेव्हा तसं वाटेना. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच तिच्या रक्तातून रोगाशी लढायची बरीच ताकद मिळते. घोडीची वार वेगळी असते, तिच्यातून ती ताकद शिंगरापर्यंत पोचत नाही. ते जवळपास निःशस्त्रच जन्माला येतं आणि त्याची सगळी शस्त्रं पहिल्या चिकात असतात. तीही आतड्यातून रक्तात शिरायची वाट फार वेळ उघडी राहत नाही. पहिले सहा-आठ तास सोन्याचे. चोवीस तासांनी ती वाट बंदच होते. मग कितीही चीक पाजा, तो पोटात नुसतं दूध म्हणून जातो. चाळीस-पन्नास किलोच्या शिंगराला या वेळात लिटर-दीड लिटर चांगला चीक जायला हवा, एकदम नाही, थोडा थोडा करून.

गल्लीत गर्दी जमली होती. मेलेल्या जनावराचं दूध काढताय, तौबा, असं कुणीतरी म्हणालंच. त्यावर एक बुजुर्ग म्हणाले, ‘‘शिंगराला फतवा लागत नाही बेटा, भांडं धर.’’ मुलाच्या अम्मीने पातेलं धरलं, अब्बांनी पिळलं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि हात चालू होते. पाऊण लिटरच्या आसपास चीक निघाला. पुरेसा नव्हता, पण काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ होता. दुपारपर्यंत तासातासाने शिंगराला पाजला. त्याला उभं ठेवून, मान फार वर न करता. मान उंच केली तर दूध छातीत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. डॉक्टर स्वतः आले, नाळ औषधात बुडवली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं.

आता पुढे काय पाजायचं? म्हशीचं दूध घरात होतं. म्हशीच्या दुधात सात टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, घोडीच्या दुधात जेमतेम दीड-दोन टक्के, आणि गोडवा गाईच्या दुधापेक्षाही जास्त. म्हशीचं दूध तसंच पाजलं तर शिंगराला जुलाब ठरलेले. मलई काढलेलं गाईचं दूध, त्यात लिटरमागे वीस ग्रॅम ग्लुकोज, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरातली साखर नाही, ती एवढ्या लहान शिंगराला पचत नाही. शेळीचं दूधही चालतं. प्रश्न दुधापेक्षा वेळेचा होता. आईजवळचं शिंगरू पहिल्या आठवड्यात तासातून कितीतरी वेळा सडाला तोंड लावतं. बाटलीने वाढवायचं तर दर एक-दोन तासांनी उठा, रात्रीसुद्धा, कित्येक आठवडे. आणि एवढं करून जे जनावर तयार होतं ते माणसालाच घोडा समजतं. लहानपणी अंगावर येतं तेव्हा गंमत वाटते. तीनशे किलोचं झाल्यावर तसंच अंगावर आलं तर हाडं मोडतात. वरातीच्या गर्दीत ते कुणाला परवडणार?

म्हणजे दुसरी घोडी हवी होती. नुकतीच व्यायलेली, आणि जिचं शिंगरू गेलेलं आहे अशी. कुणाचं तरी नुकसान झालेलं असावं अशी ही शोधाशोध, त्यामुळे फोन करताना जीभ अडखळायची. मनमाड, चाळीसगाव, धुळे, जिथे जिथे घोडीवाले माहीत होते तिथे विचारलं. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथल्या ओळखी निघाल्या. कुणाकडे घोडी होती तर तिला स्वतःचं शिंगरू होतं.

मोठ्या स्टड फार्मांवर ही अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवतात. चीक काढून उणे वीस अंशांवर गोठवून ठेवतात, तो वर्षभर टिकतो. आधी कधीतरी व्यायलेल्या पण आता रिकाम्या असलेल्या घोडीला संप्रेरकं देऊन आठवड्या-दोन आठवड्यांत पान्हा आणण्याची पद्धतही आता आहे. अमेरिकेत केंटकीच्या बाजूला तर दूध पाजायला घोडी भाड्याने मिळते. सोय मोठी, पण भाड्याने गेलेल्या घोडीच्या स्वतःच्या पिलाचं काय होतं? ते मागे राहतं. ओहायो राज्यात ‘लास्ट चान्स कोरल’ नावाची एक संस्था अशीच मागे राहिलेली शिंगरं सांभाळते. एका यतीमाला आई देताना दुसरा यतीम तयार करायचा, हा हिशेब आम्हाला काही पटला नाही.

शेवटी वाट नालबंदाने दाखवली. त्याचं बाजारहाट फिरणं, त्यामुळे त्याला जनावरांची खबर असते. झोडग्याच्या बाजूला एका शेतात मेंढपाळांचा वाडा बसला होता. दिवाळीनंतर ही माणसं मेंढरं घेऊन गावोगाव फिरतात. बिऱ्हाड, कोकरं, कोंबड्या, सगळं तट्टांच्या पाठीवर. त्यांच्या एका तट्टाणीचं शिंगरू तीन दिवसांपूर्वी मेलं होतं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, शाळा बंद, माग बंद. त्यामुळे रात्रीच छोट्या हत्तीत गवत पसरून शिंगराला घातलं आणि निघालो. मुलगा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

वाड्यावरच्या म्हाताऱ्या मावशींनी कास दाटू नये म्हणून तट्टाणीला रोज थोडं पिळलं होतं. तेवढ्यामुळेच दूध आटलं नव्हतं. पण दूध असणं वेगळं आणि आई होणं वेगळं. घोडी आपलं पिल्लू वासाने ओळखते. परकं जवळ आलं की कान मागे टाकते, चावते, लाथ घालते. गावाकडे गाय आटू नये म्हणून मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे ठेवायचे, हे जुन्या लोकांना आठवत असेल. घोडीसाठी मेलेल्या शिंगराचं कातडं नव्या शिंगराच्या अंगावर बांधतात. इथे ते कातडं नव्हतं. मग मावशींनी तट्टाणीचंच दूध आणि तिची ओली लीद शिंगराच्या पाठीला, शेपटीला चोळली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही तिच्या नाकपुड्यांना व्हिक्स लावलं. तिच्या डोळ्यांवर फडकं, एका माणसाने पुढचा पाय उचलून धरलेला. भुकेलं शिंगरू चाचपडत कासेला लागलं. पहिल्या रात्री ती थरथरत उभी राहिली, एवढंच. फडकं काढलं की दात.

मावशी म्हणाल्या, ‘‘मास्तर, ती नाही म्हणंल तर तिचं बी बरोबर आहे. तिचं लेकरू गेलंया.’’

मुलाचे अब्बा तिथेच मुक्कामाला राहिले. शनिवारी तिसऱ्या प्रहरी त्यांचा फोन आला. एक कुत्रं शिंगराजवळ गेलं तशी तट्टाणी मध्ये येऊन उभी राहिली होती. त्यानंतर तिला धरावं लागलं नाही. शिंगरू लांब गेलं तर घशातल्या घशात हळू खिंकाळायची.

खरी अडचण त्याच्या पुढची होती. आठवड्याभरात वाडा उठणार होता आणि तट्टाणीशिवाय बिऱ्हाड हलत नाही. अब्बांनी तिला विकत मागितली, ते तयार होईनात. मावशींनी साधा तोडगा सांगितला. शिंगरू आमच्याबरोबर येऊ द्या, पावसाळ्यात साक्रीकडच्या आमच्या गावी या आणि घेऊन जा. घरात यावर दोन दिवस वाद झाला. अनोळखी माणसं, उघड्यावरचं जगणं, वाटेत हायवे, लांडगे. शिंगरू हीच त्या घराची उरलेली पुंजी होती. ‘नाही मिळालं परत तर?’ हा प्रश्न अम्मींचा होता आणि तो खोटा नव्हता.

तेव्हा त्या मुलाच्या दादीने हजरत हलीमा सादियांचं नाव काढलं. मक्केतली घरं आपली तान्ही मुलं वाळवंटातल्या बदू बायांकडे दूध पाजायला सोपवत. प्रेषित मुहम्मद (स.) असेच बनू साद कबिल्यात वाढले, आणि हलीमांचं स्वतःचं मूलही सोबत होतं. ‘‘आमिना बीबींनी भरवसा ठेवला,’’ दादी म्हणाल्या, ‘‘तुमचं तर घोड्याचं पिल्लू आहे.’’ दूध पाजणारीला तिचा मोबदला रीतीने द्यावा, हे तर कुरआनातच आलं आहे, म्हणून अब्बांनी दोन पोती हरभऱ्याचा भुसा आणि थोडे पैसे मावशींकडे पोचवले. पैसे त्यांनी परत केले, भुसा ठेवला.

रमजानभर मुलगा वर्गात खिडकीबाहेर बघत बसायचा. मावशींच्या नातवाकडे फोन होता, पण रेंज क्वचित मिळायची. ईदच्या दिवशी एक फोटो आला. तट्टाणीच्या पाठीवर बिऱ्हाड, वर बांधलेली कोंबडी, आणि मागे लांब पायांचं शिंगरू. आईपेक्षा थोडंच बुटकं.

ऑगस्टमध्ये अब्बा, मुलगा आणि आम्ही साक्रीकडे गेलो. शिंगरू साडेपाच महिन्यांचं झालं होतं, चरायला लागलं होतं, दूध तुटायचं वय. अम्मींनी मावशींसाठी हिरवं लुगडं दिलं होतं. मावशींनी ते लगेच नेसून दाखवलं. छोट्या हत्तीत शिंगरू चढेना, तट्टाणीला आधी फळीपर्यंत न्यावं लागलं, तेव्हा ते तिच्या मागोमाग आलं. दार लावलं. गाडी वळणावर जाईपर्यंत तट्टाणी खिंकाळत राहिली आणि आतून शिंगरू. मुलाने दोन्ही कानांवर हात ठेवले होते. अब्बांनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली, उतरले, परत वाड्याकडे चालत गेले. बराच वेळ तट्टाणीच्या मानेवर हात फिरवत उभे राहिले आणि मग काही न बोलता येऊन बसले.