बिनगाडीचे पाहुणे
(शेतकी विभागाकडून)



दर अंकात आम्ही बेणे, खत, पाणी आणि खोडव्यातले पाचट यांवर आपल्याशी बोलतो. या खेपेस विषय उसाचा नाही, पण उसाच्या बांधावरचाच आहे. आपल्या कार्यक्षेत्राच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या गावांत, काही सभासदांनी शेतावर दोन-दोन खोल्या बांधून पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची सोय सुरू केली आहे. बारामतीच्या बाजूला हा जोडधंदा २००५ पासून मूळ धरू लागला. २०२० साली राज्य शासनाने कृषी पर्यटन धोरण जाहीर केल्यावर आपल्याकडेही विचारणा होऊ लागली. दीड-दोन एकरांवर ज्यांचे घर चालते, त्यांना उसाचे बिल हाती येईपर्यंत त्यातून चार पैसे दिसतात. चांगलेच आहे.

मात्र खोल्या बांधताना बहुतेकांच्या मनात पाहुणा असतो तो स्वतःची मोटार घेऊन येणारा. मोटार नसलेला पाहुणा निघाला की तारांबळ उडते. असा एक घोळ गेल्या डिसेंबरात आमच्याच हातून झाला, तो आधी सांगतो.

एका सभासदांकडे मुंबईचे एक निवृत्त जोडपे यायचे होते. दोघेही साठी-सत्तरीतले. सभासदांनी आम्हाला विचारले, "साहेब, त्यांना रस्ता कसा सांगू?" आम्ही त्या गटात सहा वर्षे काढलेली, त्यामुळे विचार न करता बोलून गेलो, "कोयना एक्सप्रेसने कराडला उतरू द्या. तिथून फाट्यापर्यंत मिळेल ती गाडी, आणि फाट्यावरून साडेसातची मुक्कामाची गाडी आत येतेच." त्यांनी तसेच कळवले.

पाहुणे आले शनिवारी. मुक्कामाची गाडी शनिवारी येत नाही. ती रात्री गावात थांबते ती सकाळी पोरांना शाळा-कॉलेजला नेण्यासाठी. रविवारी पोरेच नाहीत, तर शनिवारी मुक्कामाला कोण येणार? गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. आम्ही मात्र त्या गटात नेहमी मोटारसायकलवरून फिरलेलो. त्या गाडीत आम्ही कधी बसलोच नव्हतो.

फाट्यावर ती दोघे साडेआठपर्यंत उभी होती. टपरी बंद झाली. सभासदांची त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची, म्हणून ते मोटारीवर पाणी धरायला गेलेले आणि मोबाईल घरी चार्जिंगला. शेवटी दोघे बॅगा घेऊन चालू लागली. रस्ता कोणता, तर आपला ऊस वाहतुकीचा. समोरून भरलेल्या ट्रॉल्या, डोळ्यांवर हेडलाईटचा झोत, बाजूपट्टी खचलेली. एका ट्रॉलीला वाट देताना काकूंचा पाय चारीत गेला आणि घोटा मुरगळला. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने त्यांना पाहिले, ट्रॅक्टर बाजूला घेतला, इंडिकेटर चालू ठेवला आणि जीप मिळेपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिला. आम्हाला फोन आला रात्री सव्वानऊला. पोहोचलो तेव्हा काकू ओसरीवर घोट्याला हळद लावून बसल्या होत्या. आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

पुढच्या शनिवारी आम्ही मोटारसायकल घरी ठेवली आणि एक भरलेली बॅग घेऊन कराड स्टेशनपासून तोच प्रवास केला. स्टेशन आहे ओगलेवाडीला, गावापासून लांब. एसटी स्टँडवर यायलाच रिक्षा लागते. तिथून फाटा, आणि फाट्यावरून पुढे चार किलोमीटर. आपण सहज म्हणतो, "ह्यो इथंच हाय, हाकेच्या अंतरावर." बॅग हातात घेतली की तीच वाट एक तास दहा मिनिटांची होते. शेवटची अर्धा किलोमीटर पाणंद तर अशी, की आषाढात तिथे रिक्षावाला आत यायला नाही म्हणेल, आणि आम्ही त्याला दोष देणार नाही.

ज्यांनी खोल्या बांधल्या आहेत त्यांनी एकदा हे करून पाहावे. पाहुणा ज्या वारी आणि ज्या वेळी येणार, त्याच वारी आणि त्याच वेळी, बॅग घेऊन. बाजाराच्या दिवशी नको. बाजारच्या दिवशी वडाप हवी तेवढी मिळते आणि सगळे सोपे वाटते.

काही सभासद म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, मोटारवालेच घेऊ. आमचे मत वेगळे आहे. मोटारवाला रात्री झोपायला येतो. दिवसभर तो धबधबे आणि पठारे पालथी घालतो आणि वाटेतल्या हॉटेलात जेवतो. बिनगाडीचा पाहुणा तुमच्या शेतावरच राहतो. दोन वेळचे जेवण, दूध, जाताना गूळ नि इंद्रायणी तांदूळ, सगळे तुमच्याकडून घेतो, आणि सरीत पाणी कसे धरतात ते तासभर बघत बसतो. शिवाय असे पाहुणे वाढत आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्धे तिकीट झाले. निवृत्त जोडपी आणि चार-पाच मैत्रिणींचे गट एसटीने निघू लागले आहेत. त्यांना फाट्यापर्यंत येता येते. पुढची सोय आपली.

आता त्या सोयीबद्दल. ट्रॅक्टर-ट्रॉलीत पाहुणे आणू नका. पोरांना मजा वाटते, पण ट्रॉली मालासाठी आहे. काही झाले तर विमा पाठीशी उभा राहणार नाही. बैलगाडी शेतात फिरवा, अंधारात डांबरी रस्त्यावर नको. पांढऱ्या पाटीच्या जीपने भाडे घेऊन माणसे आणणेही कायद्यात बसत नाही. गावातल्या परवान्याच्या रिक्षावाल्याशी किंवा वडापवाल्याशी ठरवा, भाडे पाहुण्याला आधीच सांगा आणि ते त्याने थेट गाडीवाल्याला द्यावे. यात मध्ये आपले काही काढावे का, यावर गटाच्या बैठकीत बरीच चर्चा झाली. एक म्हातारे सभासद म्हणाले, "आणायचं पैसं घेतलं, तर त्यो पाव्हणा कसला?" आम्हाला ते पटले. पण रिक्षा घरच्याच पोराची असेल तर गोष्ट वेगळी, हेही खरे.

फोनवर आधी विचारा की गाडी आहे का. नसेल तर पैसे घेण्यापूर्वीच सगळे खरे सांगा: फाट्याचे नाव, फाट्यावरची खूण, शेवटची गाडी कितीला आणि कोणत्या वारी नाही, फाट्यापुढे मोबाईलला रेंज कुठे जाते. "आलात की फोन करा" हे पुरेसे नाही. घरातले एक माणूस गाडीच्या वेळेआधी फाट्यावर उभे पाहिजे. त्या दिवशी लाईट रात्रीची असेल तर पाण्याची पाळी भावकीत बदलून घ्या.

पोहोचल्यावर गरम जेवण तयार हवे, कारण पाहुण्याला दुसरीकडे जाऊन खाता येत नाही. रात्री दुखलेखुपले तर १०८ आहेच, पण ती गाडी पाणंदीच्या तोंडाशी येईपर्यंत वेळ जातो. उसाच्या फडालगत घर म्हणजे सापकिरड्याची भीती. म्हणून पाहुणे मुक्कामी असताना एक चालू वाहन आणि ते चालवणारा माणूस रात्री वस्तीवर असावाच. रात्री अंगणात जायला प्रत्येकी एक बॅटरी द्या. पाहुण्यांना ऊसतोड बघायची हौस असते. मुकादमाला विचारून न्या, आणि कोपीच्या दारात उभे राहून फोटो काढू देऊ नका. ते त्या लोकांचे घर आहे.

परतीचे तर कुणी सांगतच नाही. रविवारी सकाळी मुक्कामाची गाडी नाही म्हणजे पाहुण्याची परतीची रेल्वे चुकू शकते. फाट्यावर एक तास आधी पोहोचवा.

वर सांगितलेल्या सभासदांनी त्या जोडप्याचे भाडे परत करू पाहिले. आजोबांनी जेवणाचे पैसे तरीही ठेवलेच. काकूंनी निघताना विचारले, की त्या ट्रॅक्टरवाल्याचे गाव कोणते. आम्ही वजनकाट्यावर चौकशी केली. तो बीडकडचा निघाला. मार्चमध्ये टोळीबरोबर परत गेला. निरोप मुकादमाकडे दिला आहे.

पश्चिमेकडच्या गट कार्यालयात आता प्रत्येक फाट्यावरून आत येणाऱ्या गाड्यांच्या वेळा फळ्यावर लिहिल्या आहेत, शनिवार-रविवारच्या वेगळ्या. आपल्या गावची वेळ चुकीची दिसली तर चिटबॉयला सांगा, तो त्याच दिवशी पुसून दुरुस्त करेल. शाळेच्या सुट्ट्यांचा रकाना अजून भरायचा आहे.